टेबल डुगडुगत होतं म्हणून

प्रिय धाकट्या,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे खुशाल आहेत. चार गल्ल्या पलीकडे राहणारी बहीण पोस्टानं पत्र पाठवते म्हणजे हिचं डोकं फिरलं असं तू म्हणशील, तर म्हण बापडा. समोर बसून बोलायला गेले की तू विषय बदलतोस, नाहीतर रेडिओ मोठा करतोस. पत्राला तसं गप्प करता येत नाही. तेव्हा आधी चहा घे, मग वाच, आणि शेवटपर्यंत वाच.

काल मी त्या मदत केंद्रात जाऊन आले. तुझा अपंगत्व भत्त्याचा अर्ज का नाकारला ते एकदा नीट समजून घ्यायचं होतं. शिवणाच्या दुकानात अर्धी रजा मागितली तर मालकीणबाईंनी असं नाक मुरडलं, जणू मी त्यांचं मशीनच उचलून नेत होते. केंद्रातली सल्लागार तरुण आहे, बोलायला फटकळ, त्यामुळे आमचं दोघींचं लगेच जमलं. तुझ्या तपासणीत डॉक्टरांनी काय काय लिहिलंय ते तिनं मला वाचून दाखवलं. मला आधी हसू फुटलं, आणि मग असा राग आला म्हणून सांगू!

अरे, तू तिथे तपासून घ्यायला गेला होतास की टेबल दुरुस्त करायला? डॉक्टर लिहीत होते, टेबल डुगडुगत होतं, आणि तुझ्यातल्या सुताराला ते बघवेना. ते नको नको म्हणत असताना तू गुडघ्यांवर बसलास, चावीच्या कडेनं ढिला स्क्रू आवळलास, पुठ्ठ्याची घडी करून पायाखाली सरकवलीस, वर टेबल हलवून दाखवलंस. डॉक्टर खूश झाले आणि त्यांनी लिहिलं, खाली वाकतो, गुडघ्यांवर बसतो, हातांत ताकद आहे, स्वतः उठतो. टेबलाची कड धरून उठलास ते राहिलं लिहायचं. आणि घरी आल्यावर तू जो आडवा झालास, तो आठवडा उलटला तरी धड उठला नाहीस, हे लिहायला डॉक्टर थोडेच तुझ्या उशाशी होते?

पुढची उत्तरंही तशीच. आंघोळ? करतो की. कपडे? हे काय, घातलेत ना! चालणं? जमतं. मी सल्लागारबाईला म्हटलं, बाई गं, ह्याचा जन्म गेला ठेकेदारांना ‘जमेल’ म्हणण्यात. ‘जमेल का?’ असं कुणी विचारलं की सुतारानं ‘बघतो’ म्हणायची सोय नसते, काम लगेच दुसऱ्याकडे जातं. शिडीवरून पडून मणक्याचं ऑपरेशन झालं तरी ती सवय काही मोडली नाही. त्यात आपल्या बाबांची शिकवण. अंगात ताप फणफणत असला तरी पाहुण्यांना ‘उत्तम’ म्हणून सांगायचं. तिथेही तू तेच केलंस, इस्त्रीचा शर्ट घालून.

आता नियम ऐक, कारण मलाही ते काल पहिल्यांदा कळले. आजाराचं नाव मोठं असलं म्हणून भत्ता मिळत नाही. मणका दोघांचा सारखाच गेला असेल, तरी एकाला मिळतो नि एकाला नाही. ते बघतात की उठणं, अंग धुणं, कपडे घालणं, स्वयंपाक करून घेणं, घराबाहेर पडणं हे तुला बहुतेक दिवशी जमतं का, जिवाला धोका न होता जमतं का, लागेल तेव्हा पुन्हा जमतं का. एकदा करून दाखवलं आणि मग दोन दिवस कण्हत पडलास, तर ते जमलं असं धरत नाहीत. कुणी हात दिला, नुसतं दाराशी उभं राहिलं, तरी ती मदतच धरतात. मी विचारलं, मग काय आता ह्यानं लंगडून दाखवायचं? तर बाई माझ्यावरच चिडली. म्हणाली, तिळभरही वाढवायचं नाही, पण लपवायचंही नाही. चांगला दिवस सांगा, वाईट दिवसही सांगा, आणि जास्त कुठले असतात ते सांगा. आणि हो, ही भीक नाही. एवढी वर्षं तुझ्या मजुरीतून जे कापलं गेलं, ते ह्याचसाठी होतं.

भत्ता मिळाला तर सकाळी घरी मदतीला माणूस ठेवता येईल. तुझी बायको गेल्यापासून घरात तुम्ही दोघंच, तू आणि तुझी लेक ठकी. तिला कवळीचे दात बनवायच्या कोर्सला प्रवेश मिळालाय, दुसऱ्या गावी, वसतिगृहासकट. हात तुझेच आहेत तिचे, नखाएवढी वस्तू घासून गुळगुळीत करते. तू तिला ‘जा’ म्हणालास, मोठ्या तोऱ्यात. पण पोरगी जाणार कशी रे? परवा तिनं मला सांगितलं की ती कोर्सवाल्यांना ‘येत नाही’ म्हणून कळवणार आहे. त्या नकारावर आपण केलेल्या अपिलाचा निकाल लागेपर्यंत थांब म्हणून मी तिला कसंबसं अडवून धरलंय.

मंगळवारी अपिलाची सुनावणी आहे. तुझे दिवस कसे जातात ते डोळ्यांनी बघणारं कुणीतरी साक्षीला लागतं. ठकी म्हणाली, आत्या, तू बोल, बाबांसमोर माझ्याच्यानं बोलवणार नाही. तर मी बोलणार आहे. रोज सकाळी तुझे मोजे ती चढवते हे सांगेन. कढईसुद्धा तिलाच उचलावी लागते हे सांगेन. आणि तू संडासात बसलास की पुष्कळदा तुला उठता येत नाही, मग तू भिंतीवर टकटक करतोस, आणि तुझी तरणीताठी लेक डोळे मिटून आत येते नि तुला उठवते, हेही सांगेन. तिनं मला हे रडत सांगितलं, धाकट्या, आणि मीही रडले. हे सगळं मी अनोळखी माणसांपुढे बोलेन तेव्हा तू माझ्या शेजारी बसलेला असशील. तुला ते पहिल्यांदा तिथे ऐकावं लागू नये, म्हणून हे पत्र. रागवायचं असेल तर घरी रागव, मंगळवारच्या आत. हवं तर दोन दिवस बोलू नकोस माझ्याशी. पण त्या खोलीत ‘ताई वाढवून सांगतेय’ असं म्हणू नकोस. ते तुझ्याकडे वळून विचारतील, हे खरं का? तेव्हा मान खाली घालू नकोस, पोरीकडे बघ, आणि नुसतं हो म्हण.

कितीही चिडलास तरी तुझीच,
ताई