कपाळामागचा डाग

ऋतुजा मॅडम, रोजनिशीची पानं फाडून पाठवते आहे. घडलं ते आधी क्रमाने सांगते, कारण पुढची पानं तुटक आहेत.

१. २ जूनला मी केजच्या स्कॅन सेंटरमध्ये तंत्रज्ञ म्हणून रुजू झाले.
२. त्याच दिवशी मशीन तपासताना माझ्याच डोक्याचा सीटी स्कॅन काढला.
३. १९ ऑगस्टला पोलिसांनी अंगदला आणलं. शेळ्या राखणारा, भावाच्या खुनाचा आरोप.
४. त्याच्या नावाने आलेल्या चित्रात तुम्हाला कपाळामागे डाग दिसला.
५. १८ नोव्हेंबरला माझ्या घरमालकिणीचा कोंबडा मेला.

२ जून

साताऱ्याहून निघून तीन एसट्या बदलल्या आणि दुपारी केजला उतरले. स्टँडवर मैनुद्दीनचाचा छत्री घेऊन उभे होते. सेंटरमधले सगळ्यात जुने माणूस. पेशंटला उचलण्यापासून जनरेटरपर्यंत सगळं तेच बघतात. ऊन लई हाय म्हणून छत्री, पाऊस आला तर फायदाच, असं म्हणाले.

खोली चांगली आहे. दहा बाय बारा, खिडकी पूर्वेला, अंगणात लिंब. घरमालकीण कडूबाई एकट्या राहतात. सहा कोंबड्या आणि एक कोंबडा. त्याचं नाव सरपंच. दिवसभर वरडतो अन् काम काईच करत न्हाई, म्हणून. मी हसले. कडूबाई म्हणाल्या, हसायला येतंय म्हंजी तुला, बरं झालं.

इथली एक पद्धत आहे. नवा तंत्रज्ञ आला की मशीनपुढे नारळ फोडायचा आणि पहिला स्कॅन त्याचाच काढायचा. चाचांचं म्हणणं, दुसऱ्याला जिथं निजवायचं तिथं आधी आपण निजावं. हे नियमात बसत नाही. कारण नसताना किरण घ्यायचे नसतात. पहिला दिवस होता, नाही म्हणाले नाही. चित्र स्वच्छ आलं का एवढंच पाहिलं आणि ‘चाचणी’ नावाने ठेवून दिलं.

११ जुलै

काम जमलं आहे. रोज वीस-बावीस पेशंट, बहुतेक मोटरसायकलवरून पडलेले. रांग वाढली की चाचा म्हणतात, नवी नोंद कशाला उघडता, ‘चाचणी’चं नाव-वय बदला अन् त्यातच घ्या. पाच मिनिटं वाचतात. चूक आहे. मी दोनदा केलं आणि दोन्ही वेळा संध्याकाळी पेशंटची चित्रं वेगळी काढून ठेवली.

चार दिवस कामाशिवाय कुणाशी बोलणं झालं नाही. त्रास होत नाही. आई म्हणते, बाराव्या वर्षी सायकलवरून पडून दोन दिवस बेशुद्ध होतीस, तेव्हापासून गप्प झालीस.

१९ ऑगस्ट

पोलिसांच्या जीपमधून अंगद आला. वय एकतीस. पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं आणि याने भावाच्या मानेवर कुऱ्हाड घातली. त्याला त्यातलं काही आठवत नाही म्हणे. दातांत धातू असला तर चित्र बिघडतं, म्हणून तोंड उघडायला लावून पाहिलं: तंबाखूने झिजलेले दात, धातू कुठेच नाही. त्याने हळू आवाजात एकच विनंती केली. ताई, माज्यात काय बिघडलंय का तेवढं बघा, मंग झोप लागंल मला.

रांग होती, हवालदार घाई करत होता. ‘चाचणी’चं नाव बदलून घेतलं. स्कॅन संपता संपता वीज गेली. मशीन पुन्हा सुरू झालं तेव्हा नोंदीत चित्रं दिसली. वेगळी न काढता ती तशीच लातूरला, चित्रं वाचणाऱ्या डॉक्टर ऋतुजा मॅडमना पाठवली.

२१ ऑगस्ट

मॅडमचा फोन आला. उजव्या डोळ्याच्या वर, कपाळामागे जुन्या माराचा डाग आहे. रागाच्या भरात हात आवरणारा मेंदूचा भाग तोच. डाग घेऊन हजारो माणसं आयुष्यभर मुंगीही मारत नाहीत, हेही कोर्टाला सांगावं लागेल, असं त्या म्हणाल्या.

चाचांनी बातमी आणली. अंगद रडला. राक्षस न्हाई मी, बिमार हाय, असं सगळ्यांना सांगत होता.

१८ नोव्हेंबर

अर्धी सुट्टी होती. जेवून झोपले. साडेतीनला उठले तेव्हा सरपंच लिंबाखाली पडलेला. मान पिरगळलेली. रक्त नाही, जखम नाही. कडूबाई म्हणतात मुंगूस. मुंगूस चावतं.

मला वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं, म्हणून नोंद करते.

२१ नोव्हेंबर

कोर्टासाठी पोलिसांनी अंगदच्या चित्रांची प्रत मागितली. तीन महिन्यांनी नोंद उघडली. सगळ्यात खालच्या चित्रात वरच्या दाढेपासून पांढऱ्या रेघा फुटलेल्या. धातूमुळे येतात तशा.

अंगदच्या तोंडात धातू नाही. माझ्या वरच्या दाढेवर धातूची टोपी आहे, साताऱ्यात बसवलेली.

चित्र काढल्याची वेळ पाहिली. २ जून, दुपारी चार दहा.

वीज गेली तेव्हा त्याची चित्रं साठलीच नाहीत. नोंदीत उरली ती माझी. त्याचं नाव घातलेली.

डाग माझा आहे.

२२ नोव्हेंबर

ओढणीच्या टोकाला तांबडं पीस. सरपंचाचं. अंगणात पिसं उडतातच, तिथूनही लागलं असेल.

मंगळवारी, सरपंच मेला त्या दुपारी, उठल्यावर साबणाने हात धुतले होते. कशासाठी, आठवत नाही. अंगदलाही आठवत नाही.

मी शांत आहे असं सगळे म्हणतात. हा स्वभाव नसून डाग असेल तर— तर मग मी कोण, हे सांगायला सायकलवरून पडायच्या आधीची मी हवी.

२३ नोव्हेंबर

कडूबाईंना म्हटलं, दुपारी मी झोपले की दाराला बाहेरून कडी लावा. त्या हसल्या. लेकराला कोंडत्यात व्हय, येडे? कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लावली असती. मग इथे माझ्याशी बोलणारं कुणी—

२४ नोव्हेंबर

चाचांना बटण दाबायला लावून पुन्हा स्कॅन काढला. नवी नोंद, माझं खरं नाव. पाहिला नाही. मॅडमना पाठवला. चाचांनी विचारलं, कावून थरथरतायत तुमी?

हात पाहिला. डावा थरथरत होता. उजवा अगदी स्थिर.

२५ नोव्हेंबर

मॅडम, अंगदचा दोष माझ्या डोक्यातून दाखवला गेला आहे. पोलिसांना मीच सांगेन. त्याची झोप मोडेल. पण आधी मला कळू द्या. जूनचं चित्र आणि कालचं शेजारी ठेवून पाहा. डाग वाढला आहे का? आणि न आठवता हात असं काही करू शकतो का?

दुपारचे अडीच. कडी लावलेली नाही. कडूबाई दाराकडे पाठ करून ज्वारी निवडतायत. पदर घसरला आहे. मान बारीक आहे. मी झोपलेले नाही, जागीच आहे, तरी उंबऱ्यापर्यंत कधी आले ते—

शुक्रवार, २८ नोव्हेंबरपर्यंत उत्तर द्या. तोवर मी उजवा हात ओढणीने बांधून ठे