फेस बसंपर्यंत

मार्गशीर्ष, गुरुवार, दिवेलागण. सन १९७४

अजून तो फेसच डोळ्यापुढं हाय. पांढरा, ढगावाणी.

सांजच्याला गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर रोजच्यासारखी म्हस उभी केली. माझा थोरला म्हादू गिऱ्हाइकापुढंच पेल्यात धार काढतो. हल्ली पेला लांब खाली धरतो, म्हंजे धार आपटून निम्मा फेसच भरतो. शिंप्याची बायको रुकय्याबी बाळंतीण सुनंसाठी तांब्या घेऊन आलती. पेला घेतला आन् तशीच कट्ट्यावर बसली.

म्हटलं, "ओत की बी, बघत काय बसलीस?"

"ढग खाली उतरू दे आक्का, मग दूध दिसंल."

म्हादू हसला. "बी, फेस फुकट हाय."

"व्हय रं, म्हणून तर एवढा देतोस."

मग दोघी बघतच बसलो. उन्हं पिवळी, म्हस रवंथ करतीया, बुडबुडे एकेक फुटत्यात. मला गुंगीच आली. फेस बसला तवा दूध पेल्याच्या निम्म्यावर. बीनं तेवढंच तांब्यात ओतलं आन् उठली.

"उद्या येतीस न्हवं?"

"बघू," म्हणाली. तीस वर्सांत ही बाई बघू म्हणाली न्हवती.

म्हादूला कुठल्या तोंडानं बोलू? मालक गेले त्या साली पेला पहिल्यांदा मीच लांब धरला. माझंच बघून शिकला त्यो.

उद्या धार मी काढणार. बोटं दुखत्यात, दुखू देत. पेला आचळाशी धरीन, आन् फेस बसल्याबिगर कुणाच्या हातात देणार न्हाय. बी येऊ दे, न्हायतर न येऊ दे.