काऊन

मंगळवार, सायंकाळ. बोरगाव मेघे

स्थानबद्ध व्यक्तीला अटकेचे कारण सांगण्याचे बंधन नव्या कायद्याने काढून टाकले. तो कायदा न्यायालयात टिकेल का? उद्या नागपूरला अखेरची सुनावणी. याचिकेचा माझा मसुदा निर्दोष आहे. तरी अस्वस्थ आहे.

अल्लीपूरच्या शांताबाईंचा मुलगा याच कायद्याखाली आत आहे. आज त्यांना उद्या सादर करायचे त्यांचे प्रतिज्ञापत्र वाचून दाखवले: ‘कोणत्या कारणास्तव नेले...’

“असं मी नाई म्हटलं, वकीलबाई. पोराले काऊन नेलं, म्हटलं.”

“अर्थ तोच.”

“मंग माहा शब्द काऊन काढला?”

कारण न सांगता खोडला, मीही!

‘काऊन’ पूर्ववत केला. कायदा टिकला, तर त्या पुन्हा तेच विचारतील, आणि मलाच.