काय काय लागेल

घरून, दि. ३ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तू पाठवलेला मलम मिळाला. गुडघा आता जिना चढताना कुरकुरतो, पण पूर्वीसारखा ओरडत नाही.

पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. वाचून हसू नकोस. तुझे भावोजी आणि मी बोटीच्या सहलीला निघालो आहोत. एक आठवडा पाण्यावर! तुझ्या भाच्याने आम्हाला न विचारता तिकिटं काढली. परत करता येतील का विचारलं, तर येत नाहीत म्हणाला. मग जायलाच हवं. वाढलेलं ताट टाकून उठायचं आपल्याला शिकवलेलंच नाही.

ह्यांचं काय विचारतेस! जन्मभर दुसऱ्यांच्या कोटांवर कात्री चालवलेला माणूस, बोलणं मुळात बेताचं. तिकिटं बघितली आणि उठून कपाट उघडलं. तो कोट काढला. दुकान बंद झालं तेव्हा मालकांनी मनपसंत कापड निवडायला सांगितलं होतं, त्याचा ह्यांनी स्वतःसाठी शिवलेला, तो काळसर निळा. तू बघितला आहेस. ह्यांनी शिवलेले कोट कुठे कुठे मिरवून आले आणि ह्यांचा स्वतःचा मात्र डांबराच्या गोळ्यांच्या संगतीत राहिला. कधी घालणार म्हणून विचारलं, की प्रसंग आला की घालीन, असं म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी तो खिडकीत उन्हाला लावला, तेव्हाच मी काय ते ओळखलं.

मला काळजी माझी आहे. मला मेलीला गाडी लागते हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? लहानपणी खिडकी माझी, लिंबू तुझ्या हातात आणि बाबांचा राग दोघींवर. जिला गाडी लागते तिला बोट लागल्याशिवाय राहील का? तुम्ही दोघं जाऊन आला आहात, शिवाय तू औषधाच्या दुकानात उभी असतेस. तेव्हा काय काय लागेल ते सविस्तर कळव. हौसेचं सांगू नकोस, लागेल तेवढंच सांग.

तुझ्या साहेबांना नमस्कार. माया आहेच, तिला वेगळं टपाल लागत नाही.

तुझी,
ताई


दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून दुकानातच ओरडले, तर मालकांना वाटलं गल्ल्यात झुरळ निघालं.

काय काय लागेल म्हणून विचारतेस. तुला बोट लागेल, भावोजींना भूक लागेल आणि घरी आल्यावर दोघांना झोप लागेल. एवढं धरून चाल.

आता खरं सांगते. पहिल्या दिवशी मोठ्या बॅगा ते लोक काढून घेतात आणि खोलीवर पोचवायला संध्याकाळ करतात. म्हणून औषधं, कागदपत्रं, चष्मा, एक जोडी कपडे आणि तुझी जपाची माळ हातातल्या पिशवीत ठेव. आमच्या साहेबांची रक्तदाबाची गोळी मोठ्या बॅगेत राहिली होती आणि दुपारभर त्यांनी माझा रक्तदाब वाढवला. खोलीच्या भिंती लोखंडी असतात, त्यामुळे लोहचुंबकाचे हुक ने. टॉवेल, टोपी, पिशवी सगळं भिंतीवर टांगता येतं, खोली काडेपेटीएवढीच असते. न घसरणाऱ्या चपला ने. जेवणघरात गारठा फार, शाल ने. न्हाणीघरात वाळत घालायला बारीक दोरी ने. बोट लागायच्या गोळ्या ह्या पत्रासोबत आहेत. बोटीत चढण्याआधी घ्यायच्या, पोटात कालवल्यावर नाही.

इस्त्री आणि चहाची किटली नेऊ नकोस. मी तुला ओळखून आहे म्हणून आधीच लिहिते. आगीच्या भीतीने दारातच काढून घेतात.

आणि भावोजींचा कोट ने. दोन संध्याकाळी थाटाचं जेवण असतं, खालच्या मोठ्या दालनात. पुरुषांना कोटाशिवाय आत घेत नाहीत. बाकीचे लोक वरती रोजच्यासारखं जेवू शकतात, पण त्या जिन्यावरून नटूनथटून उतरण्यात जी मजा आहे ती वरती नाही. तू तुझं जांभळं रेशमी लुगडं ने. आला म्हण भावोजींचा प्रसंग!

तुझ्या लोभात काटकसर नको, बाकी कशातही कर.

तुझी,
धाकटी


दि. ३ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

उद्या निघायचं. बॅगा भरून दाराशी उभ्या आहेत आणि मी त्यांच्याकडे बघत तुला लिहिते आहे.

तू सांगितलेलं सगळं पलंगावर मांडलं होतं. हुक, दोरी, शाल, चपला. तू म्हणालीस तशी हातातली पिशवी वेगळी. देवाचा छोटा फोटोही घेतला, एवढ्या पाण्यावर त्याला सोडून कसं जायचं? इस्त्री आणि किटलीही घेतली आहे. रागावू नकोस. टॉवेलात गुंडाळून मधोमध ठेवली आहे, कोण बघतंय? बोटीवर एक शर्ट धुऊन इस्त्री करून द्यायला जे घेतात ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. एवढ्यात इथे आमचा परीट आशीर्वादही देईल.

कोट मात्र राहिला. घडी घातली तर अर्धी बॅग अडते, आणि हे घडी घालूच देईनात. खांदा मोडेल म्हणाले. हातावर टाकून नेतो म्हणाले. मी म्हटलं, एवढ्या उन्हात हातावर कोट टाकून हिंडाल, तर लोक गिऱ्हाईक शोधताय म्हणतील. दोन संध्याकाळींसाठी एवढा बोजा वाहायचा, ही हौस आहे, गरज नाही. वरती जेवू म्हटलं, पोट काय वरचं-खालचं बघतं? ते हसले. खरंच आहे म्हणाले. मग ब्रश घेऊन कोट झटकला, सगळी बटणं लावली आणि पुन्हा कपाटात टांगला. तुझ्या भावोजींचं हे एक बरं असतं, त्यांना पटलं की लगेच पटतं.

माझं रेशमी तेवढं घेतलं. रुमालाएवढी घडी होते त्याची.

सूनबाईचा फोन आला होता. नातवाच्या शाळेत कार्यक्रम आहे, त्याला कोट लागणार आहे. विकतच्या कोटांच्या किमती ऐकून तीसुद्धा माझ्यासारखी बोलायला लागली. बरं वाटलं.

देवाच्या मनात असेल तर बोटीवरून लिहीन. आठवण काढत जा, म्हणजे उचक्या लागतील आणि बोट लागायला जागा उरणार नाही.

तुझी,
ताई


बोटीवरून, दि. ८ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तू म्हणशील ते खरं, आधी एवढं लिहून टाकते. पहिल्याच संध्याकाळी आमची बॅग आलीच नाही. खाली बोलावणं आलं. सगळ्यांदेखत एका पोरसवदा मुलीने टॉवेल उलगडून इस्त्री आणि किटली काढली, गोड हसली आणि पावती दिली. उतरताना परत मिळेल म्हणे. मी चोरीचा माल पकडल्यासारखी उभी. हे मागे उभं राहून छताकडे बघत होते. त्यांना हसू आवरत नव्हतं.

पण धाकटे, समुद्र काय ग असतो! मी पहाटे वर जाऊन माळ ओढते. देवाने एवढं पाणी केलं आणि मी घरी नळ ठिबकला तरी जिवाचा आटापिटा करते. हुक फार उपयोगी पडले. आमच्या भिंतीवर एवढ्या वस्तू लटकल्या आहेत, की खोली साफ करणाऱ्या बाईने येऊन कौतुक केलं.

आणि मला बोट लागलीच नाही! एकदासुद्धा नाही. समुद्र परातीतल्या पाण्यासारखा पडून आहे.

बोट लागली ती ह्यांना. दुसऱ्या संध्याकाळी मला वाटलं, आलोच आहोत तर ते खालचं दालन बघावं तरी. कोट नसला म्हणून वयस्कर माणसाला कोण अडवतंय, असंही वाटलं. रेशमी नेसले, केसाला तेलाऐवजी तू दिलेलं अत्तर लावलं. हे वाट कुठून आहे ते बघून येतो म्हणून पुढे गेले. परतले ते बूट काढून भिंतीकडे तोंड करून आडवेच झाले. बोट लागली म्हणाले. मी तुझी गोळी दिली, लिंबू हुंगायला दिलं. तू एकटी जाऊन ये म्हणून मागे लागले. अशी कशी जाईन? रेशमी सोडून ठेवलं आणि उशाशी माळ घेऊन बसले. सकाळी उठून व्यवस्थित न्याहारी केली.

काल पुन्हा थाटाचं जेवण होतं आणि पुन्हा तसंच. मी तयार होऊन उभी आणि हे आडवे. रेशमीचा काठ बोटांत धरून बघितला, हा रंग तुला शोभतो म्हणाले आणि डोळे मिटले. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या कपड्यांचं कधी बोलले नव्हते. म्हटलं, ताप तर नाही ना?

रोजच्या जेवणाला काही होत नाही, नेमकं थाटाच्याच दिवशी. देवाला आमचा थाट मंजूर नसावा. तू औषधवाली, तुझा काय अंदाज?

उद्या बोट धक्क्याला लागेल, तिथून पत्र टाकते. आहे तशी माया ठेव, खाऱ्या हवेने गंजू देऊ नकोस.

तुझी,
ताई


दि. ११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुम्ही घरी पोचाल तेव्हा हे पत्र दारात असावं, म्हणून घाईने लिहिते.

भावोजींनी आधीच्या बंदरातून टाकलेलं चित्रांचं कार्ड परवा आलं आणि तुझं पत्र आज. दोन्ही काउंटरवर शेजारी ठेवून वाचली. गिऱ्हाईक खोळंबलं, तरी मला पुढचं सुचेना.

भावोजींनी एवढंसं लिहिलं आहे. दुसऱ्या संध्याकाळी जिन्याच्या वळणावर उभं राहून त्यांनी खाली उतरणारी माणसं बघितली म्हणे. एकाच्या कोटाचा खांदा थेट त्यांच्या दुकानासारखा होता, कॉलर मात्र कोणीतरी घाईत बसवलेली. कोट नसलेल्या एका म्हाताऱ्याला दारातल्या माणसाने फार नम्रपणे परत पाठवलं, त्याच्या बायकोचा चेहरा उतरला, तेही लिहिलं आहे. आणि समुद्र इतका शांत होता, की कठड्यावर ठेवलेल्या पेल्यातलं पाणी हलत नव्हतं. बोट लागल्याचं एक अक्षर नाही.

ताई, मी ह्या गोळ्या रोज विकते. बोट लागते ती बोट हलली की लागते. ती थाटाचे वार बघून येत नाही.

तू कोट नेणार नाहीस असं लिहिलं होतंस, पण ऐनवेळी विरघळशील असं मला वाटलं होतं. तुझा चेहरा दारात उतरू नये, म्हणून ते आडवे झाले. रागावू नकोस. मीसुद्धा मजेत लिहून गेले, पाच वेळा बजावायला हवं होतं. त्यांना विचारू नकोस, विचारलंस तर कबूल करणार नाहीत. पण प्रसंग काय बोटीवरच येतो? घरीही आणता येतो. रेशमी नेस, टेबल मांड आणि त्यांना कोट घालायला सांग.

तुझ्यावर जीव आहे म्हणून लिहिलं, तसंच घे.

तुझी,
धाकटी


घरून, दि. १६ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र दारात नव्हतं, चार दिवसांनी आलं. मी सकाळी देवाला जाऊन परत येत होते, जिन्यातच फोडलं आणि तिथेच पायरीवर बसले. शेजारीण विचारत होती, गुडघा दुखतोय का. हो म्हटलं.

तू सुचवलंस ते मनाने लगेच घेतलं. हे मागच्या खोलीत मशीनवर काहीतरी करत होते, आवाज येत होता. मी कोणाला न सांगता रेशमी नेसले. टेबलावर धुतलेलं कापड अंथरलं. बोटीवरून सोडवून आणलेली इस्त्री तापत ठेवली, म्हटलं कोटावरून स्वतःच्या हाताने फिरवीन आणि मग हाक मारीन. कपाट उघडलं, तर हँगर रिकामा.

कोट मशीनशेजारी होता. बाह्या वेगळ्या, पाठ वेगळी, अस्तर खुर्चीवर. सगळ्या तुकड्यांवर खडूच्या रेघा. हे चष्मा नाकावर घेऊन मजेत बसले होते. नातवाला कोट लागणार आहे ना, मग विकतचा कशाला, म्हणाले. हा नुसता लटकून होता, आता उपयोगी पडेल, म्हणाले. तुझ्या मनासारखं झालं की नाही, असंही विचारलं. टोमणा नव्हता ग त्यात. टोमणा असता तर मी भांडले तरी असते.

मग माझ्याकडे नीट बघून कुठे निघालीस म्हणून विचारलं. कुठे नाही, म्हटलं. हातात तापलेली इस्त्री बघून खूश झाले. शिवणी दाबायच्याच होत्या, इकडे आण म्हणाले. मी रेशमीचा पदर खोचून त्यांच्या कोटाचे तुकडे एकेक करून दाबून दिले. डांबराच्या गोळ्यांचा वास उठत होता. पाठीचा तुकडा फार रुंद होता, नातवाला निम्मासुद्धा लागला नाही.

तू विचारू नकोस म्हणालीस, पण माझ्याने राहवलं नाही. एवढंच विचारलं, की बोट खरंच लागली होती का. त्यांनी हातातली शिवण पुरी केली. मग लागली होती म्हणाले. दोरा दाताने तोडला आणि म्हणाले, आता नाही लागत.

धाकटे, मला मात्र आता लागली आहे. घरात, पक्क्या जमिनीवर. त्याच्यावर तुझ्या दुकानात काही नसेल, ठाऊक आहे.

लोभ पाठव. तेवढा लागेल.

तुझी,
ताई