पाचवी भाकर

पडेगाव, औरंगाबाद
१४ मे २०१९

राजकुमार बाळा,

आजी बानाबाईचा आशीर्वाद घे. सांगतेय मी, लिहितेय तुझी बहीण ज्ञानेश्वरी. अक्षर वाकडं आलं तर तिचं, बोलणं वाकडं आलं तर माझं. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद.

इकडं सगळं बरं आहे, पाणी सोडून. टँकर आठ दिवसांनी येतो. मेंढरं तुझ्या बापानं दोन वर्षांमागं विकली. जिथं आपली मेंढरं बसायची तिथं सात मजली इमारत झालीय, आन तुझा बाप शिवशंकर तिच्याच दारावर राखणीला बसतो. जागा तीच, राखण तीच, मेंढरं तेवढी बदलली.

आता तुझी मालिका. ती उडत्या घोड्यांची. किल्लेदाराच्या वेशात पहिल्यांदा दिसलास तवा मी टीव्हीसमोरच बोटं मोडून दृष्ट काढली. आन तू काय केलंस? युवराजाला जेवू घातलंस, मागून गुपचूप दरवाजा उघडून दुश्मन आत घेतलास. अख्खं राज्य बुडालं! दुसऱ्या दिवशी टँकरवर शेजारची चंपाबाई ओरडली, "गद्दाराच्या आजीला शेवटी भरू द्या गं!"

मी म्हणलं, "भर बाई तूच आधी. असा गद्दार घडवायला लई वर्षं लागतात."

सगळ्या हसल्या. माझा हंडा पहिला भरला.

तुझा बाप आधी मालिका लागली की बाहेर जायचा. आता दारात उभा राहून बघतो. परवा म्हणाला, "पोरगं खोटं लई खरं बोलतंय." त्याच्या तोंडून एवढं आलं म्हणजे हार घातला असं समज.

तुझ्या कपाळाची जखम खरी होती का रंगाची? वेळेवर जेवतोस का?

ज्ञानेश्वरी म्हणते, "आजी, हे दोनदा सांगून झालं, मी एकदाच लिहिलंय. पुढं सांग की." सांगते.

ते जेवणाचं. युवराज चोरवाटेनं निसटणार असतो, त्यानं एकट्या तुलाच सांगितलेलं असतं. तू म्हणतोस, "थांबा, एवढी भाकर खाऊन जा." मग आणखी एक. नजर त्याच्या तोंडाकडं नाय, ताटाकडं. आन शेल्याचं टोक दातात. ते टोक बघितलं आन माझ्या हातातली बशी खाली पडली.

बाळा, ते टोक माझ्या पदराचं आहे.

सहा वर्षांमागं, त्या दुष्काळात, बाप तुला मेंढरांमागं गोदाकाठी धाडणार होता. तू मुंबईला पळणार होतास, आन ते एकट्या मलाच सांगितलंस. मी म्हणलं, "थांब, भाकरी बांधून देते." तुला दोन पुरतात. मी पदराचं टोक दातात धरून पाच थापल्या. नऊ वर्षांच्या ज्ञानेश्वरीला म्हणलं, "जा, बाबाला सांग, आजीनं बोलवलंय." पाचवी भाकर तव्यावर होती, तेवढ्यात तो आला.

हिनं पेन खाली ठेवला. म्हणते, "मला धाडलंस त्यासाठी?" व्हय पोरी. तुझी काही चूक नाय. लिही.

बापानं तुला मारलं. "मला सुगावा लागला होता," म्हणून मिशा पिळल्या. मी चुलीतला जाळ ओढत बसले. मनाला सांगितलं, मेंढरांमागं माणूस नव्हतं. ते खोटं. तू गेलास तर मला करमणार नव्हतं, एवढंच खरं. पंधरा दिवसांनी तू गेलासच. त्या वेळी कुणालाच सांगितलं नाहीस. मलाही नाय.

मला वाटायचं, तुला ठाऊक नाय. तुला सगळं ठाऊक होतं. तरी मार खाताना माझं नाव घेतलं नाहीस, आन नंतरही कधी घेतलं नाहीस. सहा वर्षं या घरात मला मान मिळाला तो तुझ्यामुळं. आन माझं ते काळं तोंड तू फेकून दिलं नाहीस, त्याचंच काम करून दाखवलंस. एवढे उपकार मी कुठं ठेवू? लोक तुला शिव्या घालतात ना, त्या माझ्या आहेत. निम्म्या इकडं लावून दे.

एकदा ये. बाप दारात उभा राहील, बोलणार काही नाय. तू आत ये. आन परत निघशील तवा भाकरी आधीच बांधून ठेवीन. गाडी कितीला ते ज्ञानेश्वरीला विचारून ठेवीन. तुझी गाडी चुकू देणार नाय.

दोनच भाकरी थापणारी,
तुझी आजी