चुकीच्या टोळीचा झेंडा

२८ मार्च
आज सकाळी देवळात उदबत्ती लावली आणि तडक पांगच्या अंगणात गेलो. जत्रेच्या नाटकातला शत्रूचा झेंडा दोरीवर वाळत होता. अक्षरं ताजी: 'श्योंगनू'. मी तो उतरवला, घडी घातली आणि पांगच्या हातात दिला. पांग नाटकमंडळींचा प्रमुख. त्याला समजावलं, आपली बुरुजदेवी वेई राजांच्या काळातली. ती चक्कीवाल्याची पोर बुरुजावर जाळ पेटवून गाव जागं करते, तेव्हा उत्तरेकडून येते ती रौरानांची टोळी. श्योंगनू ही वेगळी टोळी, त्यांचं राज्य त्याच्या कितीतरी आधी बुडालेलं. पांग म्हणाला, "रूभाऊ, घोड्यावरून येतात, मार खाऊन जातात. नावाने काय फरक पडतो?"
सीरियल बघून इतिहास शिकलेल्या माणसाच्या हातात आमची देवी आहे.
इतिहासाचं पुस्तक माझ्याकडे आहे. जत्रेच्या आत सगळं सुधारायचं.

३१ मार्च
प्रॅक्टिस बघितली. शत्रूच्या टोपीला हातभर लांब पिसं, कमरेला कोल्ह्याच्या शेपट्या, मिश्या मंगोलांच्या. एकेक चूक सविस्तर सांगितली. कोणी चकार शब्द काढला नाही. आदर असा दिसतो.
मला चहा मिळाला नाही. गडबडीत राहिला असेल.
उद्यापासून कमी बोलायचं.

५ एप्रिल, छिंगमिंग, पितरांचा दिवस
वाडवडिलांच्या थडग्यांवरचं गवत उपटलं. वाफवलेले पाव ठेवले, दारू शिंपडली. त्यांना नवा शोध सांगितला: वेई दरबार रौरानांना 'वळवळे' म्हणायचा. म्हणजे किडे. यंदा नाटकात पोरांनी हेच ओरडायचं. या कामासाठी आशीर्वाद मागितला. त्यांच्या नावाने पेटवलेल्या खोट्या कागदी नोटा एका दमात जळल्या. शुभ आहे.

९ एप्रिल
पोरांना 'वळवळे' फार आवडलं. पांगही नमला. झेंडा नवा, 'रौरान'.
नाटकात गढीच्या सरदाराचं काम दर वर्षीसारखं माझंच. खेळ संपला की देवीपुढची पहिली उदबत्ती सरदाराची. आईच्या दुखण्यात बोललेला नवस मी त्याच उदबत्तीने फेडत आलो आहे. जत्रेतलं बाकी सगळं कोणीही न्यावं, ती एक माझी.

१२ एप्रिल
बायकोला, आयलियानला, वाचायची सवय नाही. आज मी पायाची नखं कापत असताना तिने पुस्तक उचललं आणि माझ्या खुणेच्या पुढचं पान मोठ्याने वाचलं. हरल्यावर बरेच रौरान आपल्यात मिसळले. त्यातल्या काहींनी 'रू', म्हणजे आमचंच, आडनाव घेतलं.
म्हणाली, "अहो, मग परवा पाव कोणाला खाऊ घातलेत?"
पुस्तक भिकार आहे. छपाईसुद्धा वाईट.
हे घरातच राहू दे म्हणालो. ती हो म्हणाली आणि शेजारी माहजाँग खेळायला गेली.

१३ एप्रिल
पोरं दारावरून 'वळवळेकाका' करत गेली. दुर्लक्ष केलं.
संध्याकाळी पांग आला. हसू गिळत होता. "रूभाऊ, कमिटी म्हणते, देवीने ज्यांना हाकललं त्यांच्यातल्याने पहिली उदबत्ती कशी लावायची? इतिहासाला धरून करायचं, हे तुमचंच म्हणणं. तुम्ही टोळीप्रमुख व्हा. घरचंच काम."
मी म्हणालो, या आडनावाचे सगळेच काही त्यांच्यातले नसतात. तो म्हणाला, "तुम्ही नाही हे पुस्तकात आहे का?" बघून सांगतो म्हणालो.
मी म्हणालो, तसे वेई राजेही मूळचे उत्तरेकडचेच. तो म्हणाला, "आता राजांनाही ओढा त्यात."
पुस्तक पुन्हा चाळलं. नाही.

१५ एप्रिल
देवीपुढे बसून शांतपणे विचार केला. नाटकाचं सत्य वेगळं असतं. पुस्तकी किड्यांना ते काय कळणार. पिढ्यान्पिढ्या लोकांनी जे मानलं, ते बदलणारे आपण कोण? पांग अडाणी खरा, पण अनुभवी आहे. त्याला तसं म्हणालो, अडाणी सोडून.
तो म्हणाला, "श्योंगनूच ठेवले तर तुमच्या उदबत्तीला कोणाची हरकत नाही. पण झेंडा तुम्हीच रंगवायचा. चौकात, सगळ्यांसमोर."
अपमान करण्याची अक्कलसुद्धा सीरियलमधूनच घेतलेली. नकार द्यायचं ठरवलं.

१७ एप्रिल, जत्रेची सकाळ
चौकात गेलो. 'रौरान'वर पांढरा रंग फासला, वाळू दिला. पोरं गोल करून बसली होती. एकीने विचारलं, "काका, हे चूक ना?" गप्प बस म्हणालो. मग ब्रश बुडवला आणि माझ्या हाताने, लांबून वाचता येईल एवढं मोठं, 'श्योंगनू' लिहिलं.