शेपटीच्या मोटरीची साक्ष

केडगाव, १४ ऑक्टोबर २०२५

चि. ब्लेसी हिस,
आबाचा सलाम आन् पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र भिंग लावून तीनदा वाचलं. फोनवर तू चार शब्दांत उरकतेस, तवा पत्रच लिहीत जा. जिवाणूला शेपटी असते, ती मोटरीसारखी गरगर फिरते, आन् तिच्यातलं एक प्रथिन काढलं की जिवाणूचं पोहणंच बंद, हे वाचून मी उडालोच. कुरकुंभच्या कारखान्यात अठरा वर्षं फिटर म्हणून मोटरी खोलल्या, पण अशी मोटर बापजन्मात ऐकली न्हाई.

रविवारी उपासनेत साक्षीची वेळ आली तसा मी उभा राहिलो. म्हटलं, माझ्या नातीनं पीएचडीसाठी सहा वर्षं घासून सिद्ध केलंय, की ही मोटर हळूहळू होणं शक्यच न्हाई, देवानं ती एका झटक्यात अख्खी घडवली. काय सांगू तुला, सगळी मंडळी वळून वळून माझ्याकडं बघत होती. तुझ्या संडे स्कूलच्या कृपाबाई तर रडल्याच. पाळकसाहेबांनी तिथंच ठरवलं, २३ नोव्हेंबरला कापणीच्या सणात तू स्वतः साक्ष द्यायचीस. तुझ्या फोटोचा फ्लेक्सही छापायला टाकलाय. साडी नेसून ये, प्रयोगशाळेतला तो पांढरा डगला नको.

लोभ आहेच, पण उत्तराला उशीर केलास तर भांडण.
तुझा आबा,
येशुदास

शिरूर, २७ ऑक्टोबर २०२५

ती. आबांस,
ब्लेसीचा सप्रेम सलाम, वि. वि.

तुमचं पत्र आल्यापासून रोज उत्तर लिहायला बसते आणि उठते. आज लिहितेच. रागवा, पण शेवटपर्यंत वाचा.

एक प्रथिन काढलं की शेपटी चालत नाही, हे मी लिहिलं होतं. ती हळूहळू होणं शक्य नाही, हे मी लिहिलं नव्हतं, आबा. ते तुम्ही जोडलंत. माझी सहा वर्षं नेमकं उलटं दाखवण्यात गेली. शेपटीचा दांडा आणि त्यापुढचा वाकडा तुकडा, यांची प्रथिनं एकमेकांची भावंडं आहेत. एकाच जुन्या प्रथिनाच्या नकला होत गेल्या आणि प्रत्येक नक्कल थोडी थोडी बदलत गेली. मोटर फिरवणाऱ्या प्रथिनांचे नातलग तर शेपटीच नसलेल्या जिवाणूंतही सापडतात. तिथं ते बाहेरचं लोह आत ओढायला जोर पुरवतात. म्हणजे असे भाग दुसऱ्या कामांनाही लागतात, शेपटीवाचून त्यांचं अडत नाही. सगळे टप्पे अजून कुणालाच ठाऊक नाहीत, मलाही नाहीत. पण भावंडं ओळखू येतात. यात देवाचा हात किती, हे माझं यंत्र मोजत नाही.

आता मी काय करू? खरं सांगितलं, तर पन्नास वर्षं ज्या माणसांत तुम्ही मानानं वावरलात, त्यांच्यादेखत नातच तुम्हाला खोटं पाडणार. तुमचंच पुन्हा सांगितलं, तर मी खोटी साक्ष दिली. दोन्ही माझ्यानं होणार नाही. आई-पप्पा गेल्यावर तुम्ही मला वाढवलंत, तुमची मान खाली गेलेली मला बघवायची नाही. तुम्ही म्हणाल तर येत नाही. परीक्षेचं निमित्त सांगा.

लोभ असावा, असं दर वेळी सवयीनं लिहिते. आज खरंच मागते आहे.
तुमची,
ब्लेसी

केडगाव, १० नोव्हेंबर २०२५

चि. ब्लेसी हिस,
आशीर्वाद.

खोटं कशाला बोलू, रागावलो. आठ दिवस तुझं पत्र कपाटावर टाकून दिलं. शेजारचा एबनेझर रोज विचारायचा, नात कवा येतीय, आन् मी त्याच्यावरच डाफरायचो. एवढी शिकून हेच का, असंही मनात आलं. मग शनिवारी पत्र खाली काढलं, शेजारी तुझं पहिलं पत्र ठेवलं आन् भिंग फिरवून फिरवून शोधलं. त्या पहिल्या पत्रात ‘शक्य न्हाई’ हे कुठंच न्हाई. अगं, मला ते हवं होतं, म्हणून मला ते दिसलं.

कुरकुंभला आम्ही भंगारातल्या पंपाची मोटर काढून पंख्याला बसवली होती. चांगली चालली. तवा तुझं म्हणणं डोक्यात शिरायला मला जड जाऊ नये. पण फिटर कोण, हे मी मरेपर्यंत विचारणार. तुझं यंत्र मोजत नसंल तर नसू दे.

काल साक्षीच्या वेळेला उभा राहिलो. आपल्याकडं साक्ष देणाऱ्याला मधे कुणी थांबवत न्हाई, तेवढाच आधार. म्हटलं, साक्ष म्हंजी स्वतः पाहिलेलं सांगणं. गेल्या महिन्यात मी न पाहिलेलं सांगितलं, आन् वर नातीचं नाव लावलं. तिनं पाहिलंय ते वेगळं हाय, ते तिच्याच तोंडून ऐका. साक्षीनंतर मंडळी आमेन म्हणते, काल कुणीच म्हटलं न्हाई. बाहेर पडताना दोघातिघांनी हातसुद्धा मिळवला न्हाई. पाळकसाहेब तेवढे म्हणाले, बोलवा तिला.

तवा निमित्तबिमित्त काही सांगायचं न्हाई. सणाच्या आदल्या दिवशी, २२ तारखेच्या शनिवारी न्हावऱ्यावरनं चौफुल्याची एसटी धर. माझ्या मानेची काळजी करतेस, वेडी कुठली! काल ती मीच खाली घातली, आन् घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

तुझं बोलणं संपलं की सगळी मंडळी गप्प बसंल, हे आत्ताच सांगून ठेवतो. घाबरायचं न्हाई. मला सगळं पटलेलं नसंल, तरी पहिलं आमेन मी म्हणणार, आन् मोठ्यानं म्हणणार.

तुझाच,
आबा